घरच्या देखरेखीचं किट: वजनकाट्याला पैकीच्या पैकी, ऑक्सिमीटरला निम्मे गुण

हृदयाचं पंपिंग वीस-पंचवीस टक्क्यांवर आलेला किंवा सीओपीडीने (श्वासनलिका अरुंद होत जाणाऱ्या जुन्या आजाराने) फुफ्फुसं थकलेला माणूस हॉस्पिटलमधून घरी येतो, तेव्हा औषधांच्या पिशवीत हल्ली तीन वस्तू हमखास असतात: बोटाला लावायचा ऑक्सिमीटर, बीपीचं मशीन आणि वजनकाटा. काही ठिकाणी याचंच ‘रिमोट मॉनिटरिंग’ असं पॅकेज मिळतं. आकडे ब्लूटूथने मोबाइलवर जातात आणि तिथून कंपनीच्या किंवा हॉस्पिटलच्या कॉल सेंटरकडे. इथे किटमधली एकेक वस्तू घेऊन ती कशी निवडायची, कशी वापरायची आणि कुठे फसवते ते लिहिलं आहे. सेवेबद्दल शेवटी.

आमचं मत आधीच सांगतो. किटमधली सगळ्यात साधी वस्तू, म्हणजे काटा, हृदयाच्या रुग्णाला सगळ्यात उपयोगी पडते. सगळ्यात लाडकी वस्तू, म्हणजे ऑक्सिमीटर, सगळ्यात जास्त चुकीची वाचली जाते. आणि पॅकेजचे पैसे वसूल होतात की नाही, हे आकडा दिसल्यावर औषध बदलायचा अधिकार कोणाकडे आहे यावर ठरतं.

काटा

हृदय कमजोर झालं की मूत्रपिंडं मीठ आणि पाणी धरून ठेवतात. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. नडगीवर बोट दाबून खड्डा पडेपर्यंत बहुतेक वेळा काही लिटर पाणी आधीच साठलेलं असतं, आणि काटा ते त्याच्या आधी दाखवू शकतो. युरोपातल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेची मार्गदर्शक सूचना सोपी आहे: ३ दिवसांत २ किलोपेक्षा जास्त वाढ झाली तर लघवीची गोळी वाढवायची किंवा डॉक्टरांना कळवायचं. अर्थात तुमच्या रुग्णासाठी आकडा कोणता, हे त्याच्या डॉक्टरांनी कागदावर लिहून द्यायला हवं. पंचेचाळीस किलोच्या आजींना दोन किलो फार होतात.

खरेदी करताना अचूकतेपेक्षा सातत्य बघा. काटा एक किलो जास्त दाखवत असेल तरी चालेल, पण रोज तेवढाच जास्त दाखवला पाहिजे. शंभर ग्रॅमपर्यंत दाखवणारा, आकडे मोठे असलेला, रुंद आणि खाली रबराचे पाय असलेला साधा डिजिटल काटा घ्या. गुळगुळीत काचेचा नको. सकाळी अंघोळीआधी ओल्या पायाने त्यावर चढणारा सत्तरीचा माणूस घसरतो. धरायला खिडकीचा गज किंवा खुर्ची शेजारी हवी, पण आकडा बघताना हात सोडलेला हवा, नाहीतर वजन दोन-तीन किलो कमी भरतं.

‘बॉडी फॅट’ दाखवणारे, पायाखाली धातूच्या पट्ट्या असलेले काटे घेऊ नका. ते शरीरातून बारीक वीजप्रवाह सोडतात, आणि पेसमेकर किंवा आयसीडी (ठोके धोक्याचे झाले की हृदयाला शॉक देणारं यंत्र) बसवलेल्यांनी ते वापरू नयेत असं त्यांच्या माहितीपत्रकातच छापलेलं असतं. हे पत्रक मराठीत नसतं, त्यामुळे घरात कोणी ते वाचत नाही. शिवाय अंगात पाणी साठलेल्या माणसात चरबीचे ते टक्के मुळात निरर्थक असतात.

दोन दोष दुकानातच पकडता येतात. काही काट्यांत ‘स्मृती’ असते: आधीच्या वजनापेक्षा थोडासाच फरक असेल तर तो जुनाच आकडा पुन्हा दाखवतो, म्हणजे ग्राहकाला काटा फार अचूक वाटतो. तपासायचं असं: एकदा उभं राहा, उतरा, मग पाव लिटर पाण्याची बाटली हातात घेऊन चढा. आकडा दोन-तीनशे ग्रॅमने हलला नाही तर तो काटा ठेवून द्या. दुसरा दोष ब्लूटूथ काट्यांचा. घरात दोन माणसं साधारण एकाच वजनाची असली की अॅप आजोबांचं वजन आजींच्या खात्यात टाकतं, आणि कॉल सेंटरला एका दिवसात दोन किलोची ‘वाढ’ दिसते. अशा घरात काटा एकट्या रुग्णाचाच ठेवा. महिन्यातून एकदा सीलबंद दहा किलो तांदळाची पिशवी ठेवून काटा बघा. सेल उतरायला लागले की आकडा भटकतो.

काटा ठेवायची जागा ठरलेली हवी. फरशी चालते, शहाबादी लादी चालते, पण सतरंजी किंवा शेणाने सारवलेली जमीन चालत नाही. मातीच्या घरात एक शहाबादी तुकडा सपाट बसवून त्यावर काटा कायमचा ठेवावा. वेळ सकाळची: उठल्यावर, लघवी करून, चहाच्या आधी, अंगावर रोज तसेच कपडे. नऊवारी आणि गाउन यांत सहज अर्ध्या किलोचा फरक पडतो.

वजन कशाशी ताडायचं, हा खरा प्रश्न. सूज उतरून, दम न लागता रुग्ण घरी आला त्या दिवसाचं वजन म्हणजे त्याचं कोरडं वजन. ते काट्यावरच चिकटपट्टीने लिहून ठेवा. हॉस्पिटलच्या काट्यावरचा आकडा नाही, तर घरी आल्यावर पहिल्या सकाळी घरच्या काट्यावर आलेला. इथे एक सापळा आहे, आणि मोठ्या पॅकेजमध्येसुद्धा तो निसटतो. आजार पुढच्या टप्प्याला गेला की भूक जाते आणि मांड्या-दंड वाळायला लागतात. दोन महिन्यांत दोन किलो मांस गेलं आणि दोन किलो पाणी आलं, तर काटा म्हणतो सगळं ठीक. म्हणून दर दीड-दोन महिन्यांनी डॉक्टरांनी तपासून कोरडं वजन नव्याने ठरवायला हवं.

वजन वाढलं की गोळी वाढवण्याआधी कारण विचारा. आमच्या भागात कारणं ठरलेली आहेत. लोणचं, पापड, सुकट, फरसाण ही पहिली. बसने लग्नाला जायचं म्हणून लघवीची गोळी दोन दिवस चुकवली, हे दुसरं, आणि हे रुग्ण आपणहून सांगत नाही. तिसरं म्हणजे गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणलेली डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनची गोळी. ती मूत्रपिंडाला मीठ-पाणी धरायला लावते आणि लघवीच्या गोळीचा असर कमी करते. ‘आम्ही सैंधव वापरतो’ हे उत्तर बरेचदा मिळतं. सैंधवही मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे. आणि ‘लो सोडियम’ म्हणून मिळणाऱ्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. हृदयासाठी स्पायरोनोलॅक्टोन, रॅमिप्रिल किंवा सॅक्युबिट्रिल-वलसार्टन घेणाऱ्यात त्याने रक्तातलं पोटॅशियम धोक्याच्या पातळीला जाऊ शकतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घरात आणू नका.

वजन घसरलं तरी कळवायचं. जुलाब, मे महिन्याचा उन्हाळा, निर्जळी एकादशी आणि वर टॉर्सेमाइड या लघवीच्या गोळीची नेहमीची मात्रा, यातून उठल्यावर चक्कर येते, बीपी पडतं आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाची रक्तातली खूण) वाढतं. कोरड्या वजनाच्या दोन किलो खाली गेल्यावर काय करायचं, हेही त्याच कागदावर लिहून घ्या.

काट्याची मर्यादाही सांगायला हवी. काही रुग्णांत पाणी बाहेरून वाढत नाही; पोटातल्या शिरांमध्ये साठलेलं रक्त छातीकडे सरकतं आणि वजन न वाढताच दम वाढतो. त्यासाठी रोज तीन प्रश्न विचारावे लागतात: रात्री किती उशा घेतल्या, दम लागून उठून बसावं लागलं का, आणि वाकून चप्पल घालताना धाप लागली का. तिसरा प्रश्न फार उपयोगाचा आहे. वाकल्यावर अर्ध्या मिनिटाच्या आत दम लागणं हे हृदयातला दाब वाढल्याचं लक्षण मानलं जातं, आणि ते बघायला कुठलंही यंत्र लागत नाही.

ऑक्सिमीटर

कोविडनंतर ही डबी घराघरांत पोचली, आणि तिच्याबरोबर ‘९४ च्या खाली गेलं की धावा’ हा नियमही पोचला. तो नियम कोविडच्या रुग्णांसाठी होता. जुन्या सीओपीडीच्या माणसाला तो लावला की नुकसान होतं.

सीओपीडीच्या बऱ्याच रुग्णांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठलेला असतो. त्यांना गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन दिला की तो आणखी साठतो आणि रुग्ण गुंगीत जातो. म्हणून अशा रुग्णांसाठी ब्रिटनच्या छातीरोग तज्ज्ञांच्या संघटनेने ठरवलेलं लक्ष्य ८८ ते ९२ टक्के आहे. घरातले लोक मात्र डबीवर ९० बघून घाबरतात आणि घरच्या ऑक्सिजन मशीनचा फ्लो मिनिटाला दोन लिटरवरून पाचवर नेतात. आकडा ९८ होतो, सगळ्यांना बरं वाटतं, आणि सकाळी आजोबा डोकं दुखतंय म्हणतात, दिवसभर झोपाळू असतात, बोलताना बरळतात. ऑक्सिमीटरला कार्बन डायऑक्साइड दिसतच नाही. आम्ही या यंत्राला निम्मेच गुण देतो ते मुख्यतः यासाठी. दोष यंत्राचा नाही, पण खोक्यावर ९५ ते १०० नॉर्मल एवढंच छापलेलं असतं आणि माणसं त्यावर विश्वास ठेवतात. तुमच्या रुग्णाचं लक्ष्य काय, खालची आणि वरची दोन्ही मर्यादा काय, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि डबीच्या पाठीवर चिकटवा.

आता अचूकता. चांगल्या यंत्राचीही चूक दोन ते तीन टक्क्यांची असते, म्हणजे ९० दिसलं तर खरं ८७ किंवा ९३ असू शकतं. त्वचेचा रंग गडद असेल तर यंत्र खऱ्यापेक्षा जास्त दाखवण्याकडे झुकतं. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, डबीवर ९२ ते ९६ दिसत असताना धमनीतल्या रक्तात प्रत्यक्षात ८८ च्या खाली असण्याचं प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के आणि गोऱ्यांत ३.६ टक्के आढळलं. आपल्याकडच्या सावळ्या-काळ्या वर्णाच्या माणसांनी हे लक्षात ठेवायला हवं. दम वाढलाय, ओठ निळसर दिसतायत आणि डबी ९३ म्हणतेय, तर डबीचं ऐकू नका.

चुलीचा धूर आणि विडी यांचाही इथे संबंध येतो. धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला चिकटतो आणि साध्या ऑक्सिमीटरला तो ऑक्सिजनच वाटतो. चुलीसमोरून उठलेल्या बाईचा किंवा नुकतीच विडी ओढलेल्या माणसाचा आकडा त्यामुळे खोटा चांगला येतो. आयुष्यभर चुलीवर स्वयंपाक करून सीओपीडी झालेल्या बायका आपल्याकडे कमी नाहीत, म्हणून सकाळी चूल पेटवायच्या आधी मोजा. पांडुरोग असेल तर टक्के छान दिसतात, पण रक्तात ऑक्सिजन वाहून न्यायला हिमोग्लोबिनच कमी असतं. तेही डबी सांगत नाही.

मोजायची रीत: पाच मिनिटं बसून विश्रांती, हात गार असतील तर चोळून गरम, मधलं किंवा तर्जनी बोट, हात छातीच्या उंचीला टेकवलेला, वर ऊन नको, नखाला नेलपॉलिश नको. काळी मेंदी असलेलं बोट टाळा. बोट आत शेवटपर्यंत घाला आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबा. पहिल्या पाच सेकंदांचा आकडा लिहू नका, तीस-साठ सेकंदांनंतरचा लिहा. डबीवर नाडीची लाट किंवा पट्टी दिसत असेल तर ती एकसारखी हलते आहे का पाहा. पीआय हा आकडा जितका कमी, तितका बोटातला रक्तप्रवाह कमी आणि टक्क्यांचा भरवसाही कमी.

रुग्ण ऑक्सिजनवर असेल तर नुसते टक्के लिहून अर्धीच माहिती मिळते. ‘९०, दोन लिटरवर, बसून’ असं लिहा. काल दोन लिटरवर ९० आणि आज तीन लिटरवर ९० म्हणजे तब्येत बिघडली आहे, पण नुसत्या टक्क्यांच्या तक्त्यात ती सरळ रेघ दिसते. बरीच अॅप फ्लो लिहायला जागाच देत नाहीत. असं अॅप फुप्फुसाच्या रुग्णाला निरुपयोगी आहे, त्यापेक्षा शाळेची दोनशे पानी वही बरी.

डबी निवडताना पेन्सिल घालून बघायची युक्ती २०२१ मध्ये फार फिरली. पेन्सिलवर आकडा आला तर डबी घेऊ नका, पण न आला म्हणून ती खरी ठरत नाही. खोक्यावर उत्पादन किंवा आयात परवान्याचा क्रमांक आहे का पाहा, आणि पुढच्या तपासणीला डबी सोबत न्या. ओपीडीतल्या मॉनिटरशी, जमलं तर धमनीतून काढलेल्या रक्ताच्या तपासणीशी, एकदा जुळवून घ्या.

फुप्फुसाच्या रुग्णात बिघाडाची सगळ्यात लवकर मिळणारी खूण बहुधा श्वासांची संख्या असते, आणि ती बहुतेक किटमध्ये नसते. रुग्ण टीव्ही बघत असताना, त्याला न सांगता, पोटाकडे किंवा छातीकडे बघून पूर्ण एक मिनिट मोजा. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नका. रोजचे २० असलेले २६-२८ झाले, थुंकी पांढऱ्याची पिवळी-हिरवी झाली, श्वासाच्या पंपाचे (इनहेलरचे) फवारे दिवसाला दोनाचे सहा झाले, तर ऑक्सिमीटर खाली यायची वाट बघू नका.

बीपीचं मशीन

यावर थोडक्यात. मनगटाचं नको, दंडाचं घ्या. पट्टा दंडाच्या घेराप्रमाणे हवा. बहुतेक खोक्यांत २२ ते ३२ सेंटिमीटरचा येतो, जाड दंडाला तो आखूड पडतो आणि बीपी खोटं वाढलेलं दिसतं. घट्ट ब्लाउजची बाही वर सरकवली की तीच दुसरा पट्टा होते. बाही पूर्ण काढा. पाठ टेकून, पाय जमिनीवर, पाच मिनिटं गप्प बसून एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. ठोके अनियमित असतील, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन असेल, तर तीनदा मोजून सरासरी घ्या, आणि यंत्राने दाखवलेल्या नाडीवर विसंबू नका. काही ठोके बोटापर्यंत पोचतच नाहीत.

कमजोर हृदयाच्या औषधांवर वरचं बीपी शंभर असणं अनेकदा अपेक्षित आणि चांगलंच असतं. ‘बीपी लो आहे’ म्हणून घरच्यांनी गोळ्या बंद करणं ही मोठी चूक आहे. त्याऐवजी उभं राहिल्यावर एका आणि तीन मिनिटांनी मोजा. २० ने पडलं किंवा अंधारी आली तर फोन करा. कृत्रिम पंप, म्हणजे एलव्हीएडी, बसवलेल्यांत नाडीच जवळजवळ नसते, त्यामुळे हे मशीन आणि ऑक्सिमीटर दोन्ही बरेचदा चुकतात. त्यांच्या प्रशिक्षित नर्सकडून डॉप्लरची, म्हणजे ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह ऐकून बीपी मोजायची, पद्धत शिकून घ्यावी.

मनगटी घड्याळांचा ईसीजी अनियमित ठोके पकडायला ठीक आहे. त्यावरचे ऑक्सिजनचे टक्के या रुग्णांसाठी धरू नका.

शरीरात बसवायचा सेन्सर

अमेरिकेत किंवा युरोपात आईवडील असलेल्या मराठी कुटुंबांच्या कानावर ‘कार्डिओमेम्स’ हे नाव येतं. हा फुप्फुसाच्या धमनीत बसवायचा दाब मोजणारा सेन्सर आहे. जेमतेम दीड सेंटिमीटर लांब, आत बॅटरी नाही. मांडीतल्या शिरेतून नळी घालून तो बसवतात. रुग्ण रोज एका खास उशीवर आडवा होतो, उशीतला अँटेना सेन्सरला जागं करतो आणि काही सेकंदांत दाब डॉक्टरांकडे जातो. मे २०१४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला मान्यता दिली.

तो किमती का आहे ते समजून घेण्यासारखं आहे. पाणी साठायला लागलं की वजन आणि सूज बदलण्याच्या बरेच दिवस आधी या धमनीतला दाब चढतो. ५५० रुग्णांच्या चॅम्पियन चाचणीत सहा महिन्यांत हृदयासाठी भरती होण्याचं प्रमाण २८ टक्क्यांनी घटलं. नेदरलँड्समधल्या ३४८ रुग्णांच्या मॉनिटर-एचएफ चाचणीत, २०२३ मध्ये, भरती ४४ टक्क्यांनी कमी झाली आणि रोजच्या जगण्याचा दर्जाही सुधारला. त्याच्याआधी २०२१ मध्ये आलेल्या हजार रुग्णांच्या गाइड-एचएफ चाचणीचा एकूण निकाल मात्र स्पष्ट फायदा दाखवू शकला नाही. कोविडच्या काळाआधीचा भाग वेगळा काढल्यावर तो दिसला. बसवल्यावर महिनाभर ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल घ्यावं लागतं, म्हणून रक्तस्रावाचा धोका असलेल्यांना तो चालत नाही. फार जाड छातीतून संदेश नीट येत नाही. दोनदा भरती होऊन गेलेला, गोळ्यांना प्रतिसाद देणारा आणि रोज उशीवर झोपायला तयार असलेला रुग्ण याला योग्य. मूत्रपिंड जवळपास बंद पडलेल्या रुग्णात दाब कळूनही करण्यासारखं फार उरत नाही.

पॅकेज घ्यावं का

इथे दोन चाचण्या शेजारी ठेवून बघाव्यात. अमेरिकेतल्या टेली-एचएफ चाचणीत, २०१० मध्ये, १६५३ रुग्णांपैकी निम्म्यांनी रोज फोन करून स्वयंचलित यंत्राला वजन आणि लक्षणं सांगायची होती. काहीही फायदा झाला नाही. त्यातल्या १४ टक्के रुग्णांनी एकदाही फोन केला नाही, आणि शेवटच्या आठवड्यात आठवड्याला किमान तीनदा फोन करणारे ५५ टक्केच उरले होते. जर्मनीतल्या टिम-एचएफ-२ मध्ये, २०१८ साली, १५७१ रुग्णांपैकी निम्म्यांकडे काटा, बीपी, ईसीजी आणि ऑक्सिमीटर होते आणि दुसऱ्या टोकाला चोवीस तास डॉक्टर-नर्स बसलेले होते. तिथे वर्षभरात हॉस्पिटलमुळे किंवा मृत्यूमुळे गमावलेले दिवस कमी झाले, मृत्यूही कमी झाले. पुढे जर्मनीने ही देखरेख आपल्या सरकारी विम्यात घेतली. जर्मनीत यंत्रं जास्त होती, पण मोठा फरक होता तो आकडा बघून लगेच औषध बदलणाऱ्या माणसांचा. सीओपीडीमध्ये चित्र आणखी सावध करणारं आहे: स्कॉटलंडमधल्या २५६ रुग्णांच्या चाचणीत, २०१३ मध्ये, सगळी यंत्रं देऊनही भरती कमी झाली नाही.

म्हणून पॅकेज विकणाऱ्याला यंत्रांबद्दल विचारण्यात वेळ घालवू नका. हे विचारा: रात्री दोन वाजता लाल आकडा आला तर तो कोण बघतं, आणि किती मिनिटांत फोन येतो? फोन करणारी नर्स लघवीची गोळी वाढवायला सांगू शकते, की ‘तुमच्या डॉक्टरांना दाखवा’ एवढंच म्हणते? आमच्या डॉक्टरांनी मर्यादा लिहून दिल्या तर तुम्ही त्या बसवता, की सगळ्यांना एकच ९४ लावता? एकच मर्यादा असेल तर सीओपीडीच्या रुग्णाचा अलार्म दिवसभर वाजतो आणि चौथ्या दिवशी घरचेच तो बंद करतात. आजींशी मराठीत बोलणारं कोणी आहे का? दोन दिवस आकडे आले नाहीत तर फोन तुम्ही करता की आम्ही? फोनवर औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर असायला हवा. मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनुसार संगणकीय प्रणालीने स्वतः सल्ला देणं किंवा औषध लिहून देणं चालत नाही.

या प्रश्नांची सरळ उत्तरं मिळाली तर पैसे द्या. विशेषतः हॉस्पिटलमधून सुटल्यानंतरचे पहिले काही आठवडे, जेव्हा पुन्हा भरती व्हायचा धोका सगळ्यात जास्त असतो. उत्तरं मिळाली नाहीत तर साधा काटा, दंडाचं मशीन, वही, आणि तुमच्या डॉक्टरांकडून एक कागद. त्यावर हे हवं: कोरडं वजन, ऑक्सिजनच्या दोन मर्यादा, वजन किती वाढल्यावर टॉर्सेमाइडची कोणती जास्तीची मात्रा किती दिवस, त्यानंतर आठवड्याच्या आत सोडियम, पोटॅशियम आणि क्रिएटिनिनची तपासणी, आणि फोन कोणाला. तालुक्याच्या ठिकाणी हा कागद गावातल्या फॅमिली डॉक्टरांना आणि नर्सताईंना दाखवून ठेवावा. छातीत दुखणं, बेशुद्धी, गुलाबी फेसाळ थुंकी, बोलताना वाक्य पूर्ण न होणं किंवा नव्याने आलेलं बरळणं, यापैकी काही झालं तर कुठलाही आकडा न मोजता १०८.

ऑक्सिजनचं मशीन घरी असेल तर लाइट जाण्याचा हिशेब आधीच करा. पाच लिटरच्या मशीनला साधारण ३०० ते ३५० वॅट लागतात. लहान इन्व्हर्टर फार काळ टिकत नाही. शेजारी बी टाइप सिलिंडर ठेवा. त्यात सुमारे दीड हजार लिटर असतात, म्हणजे दोन लिटरवर बारा तास, पाचवर पाच तास. सिलिंडर उभा, भिंतीला साखळीने बांधलेला, देवघरातल्या निरांजनापासून आणि गॅसपासून लांब.

शेवटचा आजार असेल तर एक वेळ अशी येते, की दर तासाला बोटाला डबी लावून रुग्णाची आणि घरच्यांची फक्त घालमेल वाढते. तेव्हा मोजणं कमी करायला डॉक्टरांशी बोलून परवानगी घ्या. चेहऱ्यावर लहान हातपंख्याचा वारा, खिडकी उघडी, पाठीला तीन उशा आणि डॉक्टरांनी दिलेली मॉर्फिनची लहान मात्रा यांनी दम सुसह्य होतो, आकडा कितीही असला तरी. आयसीडी बसवलेली असेल तर पेसमेकरचं काम चालू ठेवून तिचे शॉक बंद करता येतात. ते बाहेरून, प्रोग्रामर लावून काही मिनिटांत होतं, ऑपरेशन लागत नाही. हे रुग्ण स्वतः बोलू शकतो तेव्हाच विचारून, डॉक्टरांकडून फाइलमध्ये लिहून घ्यावं.